पोरांची सावड

सागपाण्याच्या शाळेत पटावर एकतीस मुलं होती आणि वर्गात नऊ. उरलेल्या बावीस जणांना मी रोज शाईनं हजर करत असे. ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. सागपाणी म्हणजे अक्कलकुव्याहून डोंगरात सहा कोस आत असलेला पाडा, बोर्डाची एकशिक्षकी शाळा, आणि तो एक शिक्षक म्हणजे मी, हिलाल पाटील, राहणार कळसाडी. घरी कापूस, ऊस, दोन भाऊ आणि एकाच्याही पोटात माझ्याविषयी आदर नाही. सातवीची फायनल पास झालो म्हणून मास्तर झालो. याहून उदात्त कारण मला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

माझं शिकवणं सोपं होतं. सकाळी पोरांना उभं करायचं, पाढे म्हणायला लावायचे, चुकलं की ओरडायचं, फारच चुकलं की अंगठे धरायला लावायचं. दुपारी शुद्धलेखन, म्हणजे मी सांगायचं आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायचं. पोरं घरी भिली बोलत, मी घरी अहिराणी बोलत असे आणि पुस्तक पुण्याची मराठी बोलत असे. तिघांची गाठ कुठं पडतच नव्हती.

आठवड्यातून एकदा अक्कलकुव्याच्या बाजाराला मी उतरायचो. तिथं चहाच्या दुकानात आमच्या शिक्षणक्षेत्राची परिषद भरे. सभासद तीन. एक मी. दुसरा मोहपाड्याचा गिरधर गुरुजी. हा सारंगखेड्याच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, गोरा, गोल आणि दिवसा झोपणारा. तिसरा दगडखोरीचा भीमसिंग वसावे. हा इथल्याच डोंगरातला, आश्रमशाळेत शिकलेला, तापाच्या गोळीसारखा कडू आणि तेवढाच उपयोगी. गंमत म्हणजे आमच्यात शुद्ध मराठी बोलणारा तोच एक. आम्ही दोघे 'शे' म्हणायचो, तो 'आहे' म्हणायचा. परिषदेचा विषय ठरलेला असे, तो म्हणजे बदली. गिरधर चार वर्षं तापीकाठी बदली मागत होता आणि बोर्ड चार वर्षं अर्ज पोचल्याचं कळवत होतं.

मार्गशीर्षातल्या एका बाजारी गिरधर धापा टाकत आला.

"हिलाल भो, दिपोटी ई ऱ्हायना!"

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. आमच्या भागाला नवे आलेले कोठावदे साहेब, भारी कडक म्हणून प्रसिद्ध. पंधरा दिवसांनी मंगळवारी सागपाणी, बुधवारी मोहपाडा, गुरुवारी दगडखोरी असा त्यांचा दौरा लागला होता. हजेरी वीसच्या खाली गेली की ते शाळा बंद करण्याची शिफारस करतात आणि मास्तराला आणखी आत, नर्मदेच्या अंगाला, पाठवतात अशी बातमी होती.

"तुन्हा पटवर कितला शेत?" गिरधरनं विचारलं.

"एकतीस."

"आनि खरा?"

"नऊ."

"मन्हा तेहेतीस. खरा आठ." त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला आणि त्याच्या गोल चेहऱ्यावर चार वर्षांत पहिल्यांदा विचार दिसला. "भो, बैलेसनी सावड व्हस ना? तशी पोरेसनी करूत!"

सावड म्हणजे एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, जोडी करून आधी याचं शेत नांगरायचं, मग त्याचं. गिरधरचा हिशेब असा की नऊ माझी, आठ त्याची, चौदा भीमसिंगची मिळून एकतीस होतात. मंगळवारी सगळी माझ्याकडे, बुधवारी सगळी त्याच्याकडे. साहेब गाडीरस्त्यानं वळसा घालून येणार, पोरं पायवाटेनं तासाभरात पोचणार. गुरुवारी भीमसिंगची चौदा त्याच्याकडे परत. त्याच्या पटावर सोळाच होती, ती बहुतेक रोज येत. हजेरी वीसच्या खाली असली तरी त्याला भीती नव्हती. नर्मदेच्या अंगाला त्याचं आजोळ होतं.

भीमसिंगनं चहा संपवला. मग म्हणाला, "मुले म्हणजे बैल नव्हेत."

"बैल ऱ्हातात तर वैरण लागती," गिरधर म्हणाला. बैल असते तर वैरण लागली असती, असं त्याला म्हणायचं होतं. शुद्ध मराठी बोलायला गेला की त्याचं असं होई.

"तुमच्या शाळा बंद झाल्या तर ती सतरा मुले माझ्याकडे चालत येणार नाहीत. घरीच राहतील. म्हणून मी मुले देतो," भीमसिंग म्हणाला. "पण एक अट आहे. अनोळखी शाळेत एकदम उभे केले तर ती बोलणार नाहीत. पंधरा दिवस आधीपासून सगळी एकत्र फिरतील. सोमवार-मंगळवार सागपाणी, बुधवार मोहपाडा, गुरुवार-शुक्रवार दगडखोरी. आणि आपण तिघेही त्यांच्याबरोबर फिरायचे."

"तिघे कशाला?" मी विचारलं.

"तुमचे बोलणे त्यांना कळत नाही म्हणून."

दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चहाचे पैसे दिले आणि विषय बदलला.

पहिली अडचण माझ्याच पाड्यावर आली. माझ्या नऊ जणांत एक भुरी होती. वय असेल दहा, बांधा काटकुळा, नजर सावकाराची. तिचा बाप खात्या याच्या अकरा शेळ्या. शाळा घरापासून दोन हातांवर होती तोवर भुरी खिडकीतून शेळ्या राखत शिकत असे. आता दीड कोस लांब जायचं म्हटल्यावर खात्यानं हात झटकले. भीमसिंग त्याच्याशी भिलीत बोलला आणि परत येऊन मला म्हणाला, "तो म्हणतो, शाळा शेळ्या राखणार असेल तर पोर शाळेची."

म्हणून शेळ्याही सावडीत आल्या. त्यांत एक पांढरी होती, एक शिंग सरळ आणि एक वाकडं. शाळेच्या शिस्तीबद्दल तिचं मत वाईट होतं.

पहिल्या सोमवारी एकतीस पोरं, तीन मास्तर आणि अकरा शेळ्या माझ्या शाळेत मावेनात. आम्ही बाहेर पळसाखाली बसलो. यजमान म्हणून मी सुरुवात केली. मी म्हटलं, "सतराचा पाढा!" माझ्या नऊ जणांनी झटकन डोळे मिटले, हात जोडले आणि एका सुरात म्हणू लागले. मी अभिमानानं इतर दोघांकडे पाहिलं. भीमसिंग भुरीजवळ गेला, तिला काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी सांगितलं, आणि आयुष्यात कधी न हसलेला तो माणूस पोट धरून खाली बसला.

"काय म्हणती?" मी विचारलं.

"ती विचारते, हा तुमच्या कोणत्या देवाचा मंत्र आहे? दोन वर्षे मुले तो म्हणतात, पण देव प्रसन्न झाल्याचे दिसत नाही. गुरुजी रोज रागावलेलेच असतात."

गिरधर तर शेळ्यांमध्ये लोळायचाच बाकी होता. मी लाल होऊन उभा. हात जोडायला मी कधी सांगितलं नव्हतं, पण कधी विचारलंही नव्हतं.

मग भीमसिंगनं पिशवीतून चिंचोके काढले. पोरांपुढे ओतले आणि वीस-वीसचे ढीग करायला सांगितले. डोंगरात माणसं विसानं मोजतात. पन्नास म्हणजे दोन वीसा आणि दहा. तो आधी त्यांच्या बोलीत मोजून घेई, मग ढिगाकडे बोट दाखवून म्हणे, "याला पुस्तकात म्हणतात चाळीस." माझी पोरं 'एकोणसाठ' शब्दाला दोन वर्षं अडखळत होती. खरं सांगायचं तर तो शब्द आहेच आडमुठा. साठ ऐकू येतात आणि असतात एक कमी. भीमसिंगनं तीन ढीग केले, एक चिंचोका उचलून खिशात टाकला आणि म्हणाला, "एक उणा साठ." भुरीनं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या दुसऱ्या पाहण्यात दोन वर्षांचा जाब होता.

बुधवारी मोहपाड्याला गेलो. मला वाटलं होतं, गिरधर माझ्याहून वाईट असेल तर जरा बरं वाटेल. पण तो पठ्ठ्या खडू घेऊन उभा राहिला आणि हात न उचलता एका रेषेत घोडा काढला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वाढलेला माणूस. घोड्याची मान, पुठ्ठा, शेपटीचा झुपका, सगळं त्याच्या मनगटात होतं. पोरं ओरडलीच. मग त्यानं अंगणात चुलीतली राख टाकून तापी काढली, वर डोंगर काढले, पलीकडे नर्मदा. "आता आपापलं घर ठेवा," असं भीमसिंगकडून सांगवलं. एकतीस पोरं एकतीस दगड घेऊन राखेत उतरली आणि कुणाचं घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला यावरून भांडू लागली. भूगोलावरून पोरांना भांडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दुपारी गिरधर झोपला. पोरं त्याच्याभोवती घोडे काढत बसली.

संध्याकाळी परतताना भुरी माझ्या पुढं चालत होती. तिला मोडकी मराठी येत होती आणि मला मोडकी लाज. मी विचारलं, "भुरी, कोणता मास्तर चांगला?"

ती विचार करून म्हणाली, "भीमसिंग गुरुजी मोजणं समजावतात. गिरधर गुरुजी घोडा काढतात."

"आणि मी?"

"तुम्ही ओरडता छान." तिनं हे अगदी मनापासून सांगितलं. "माझ्या बापाला असं आलं असतं तर शेळी कधी हरवली नसती."

त्या रात्री मला भाकर गेली नाही. सकाळी मी भीमसिंगला गाठलं आणि म्हटलं, "मला बोली शिकव." तो म्हणाला, "मला वेळ नाही. भुरीला सांगा."

असा मी माझ्याच शाळेतल्या दुसरीतल्या मुलीच्या हाताखाली लागलो. रोज दहा शब्द. शेळ्या चरत आणि ती दगडावर बसून विचारत असे. पाणी, वाट, पाऊस, भूक, ये, बस, घाबरू नको. 'घाबरू नको' हा शब्द मास्तराला दोन वर्षांनी शिकावा लागला, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. पुढच्या सोमवारी दहातले सहा चुकले. भुरी शांतपणे म्हणाली, "अंगठे धरा."

"अगं, मी गुरुजी!"

"इथं मी शिकवते."

एकतीस पोरं गोळा झाली होती. गिरधर जागा होता, यावरून प्रसंग किती मोठा ते समजावं. मी वाकलो. सत्तावीस वर्षांची कंबर, पण कळसाडीचं तूप खाल्लेली. अंगठे काही हाताला लागेनात. दहा आकडे मोजेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले. इतकी वर्षं ही शिक्षा मी वाटत आलो, पण ती करून बघितली नव्हती. उठलो तेव्हा सगळी पोरं हसत होती आणि मजेची गोष्ट अशी की त्यानंतर ती मला उत्तरं देऊ लागली. चुकीची का होईना, पण तोंड उघडू लागली. भीती संपली की चुका सुरू होतात, आणि चुका दिसल्याशिवाय मास्तराला काम नसतं. हे मला ट्रेनिंगमध्ये कुणीतरी सांगितलं असेल. त्या तासाला मी गिरधरसारखा झोपलो असेन.

मंगळवारी कोठावदे साहेब आले. उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात दोन पेनं. एकतीस हजर. भुरीनं स्वतःचं नाव दगडखोरीच्या एका मुलीला देऊन टाकलं आणि ती पटावरच्या सोनी नावावर 'हजर' म्हणाली, कारण ते नाव तिला जास्त आवडे आणि खरी सोनी डोंगरात डिंक गोळा करत होती. साहेबांनी वाचून घेतलं, मोजून घेतलं, भुवया थोड्या वर केल्या. वाकड्या शिंगाच्या शेळीनं शेरेबुकाचा कोपरा खाल्ला, तेवढं सोडलं तर सगळं छान झालं. बुधवारी मोहपाडा. एकतीस हजर, दोन आजारी. भुरी त्या दिवशी गजरी झाली. साहेब राखेच्या नकाशाभोवती दोन फेऱ्या मारून दाराशी आले, तर तिथं तीच शेळी. साहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. शेळीनंही पाहिलं.

संध्याकाळी गिरधर आणि मी पोरांना बजावून सांगितलं, "उद्या आपापल्या घरी. दगडखोरीला फक्त दगडखोरीची पोरं. समजलं?" मी तर माझ्या नव्या भिलीत सांगितलं. पोरांनी माना डोलावल्या.

गुरुवारी आम्ही दोघे साहेबांना निरोप द्यायला म्हणून दगडखोरीला गेलो. शाळेजवळ पोचलो आणि दारातून डोकावलो. आत एकतीसच्या एकतीस पोरं चिंचोके घेऊन बसली होती. गुरुवार हा भीमसिंग गुरुजींच्या वजाबाकीचा दिवस. तो चुकवायला कुणी तयार नव्हतं. बाहेर शेळ्या.

साहेबांनी हजेरीपट उघडला. डोकी मोजली. पुन्हा मोजली.

"वसावे, तुमच्या पटावर सोळा आणि वर्गात एकतीस. पटापेक्षा जास्त हजेरी मी माझ्या नोकरीत पहिल्यांदा पाहतोय." मग दाराकडे बोट दाखवलं. "आणि ती पांढरी शेळी कोणत्या शाळेच्या पटावर आहे?"

साहेबांनी भुरीला उभं केलं.

"तुझं नाव काय?"

भुरी भीमसिंगकडे वळून आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला ते कळलं. पंधरा दिवसांत दीडशे शब्द शिकलो त्याचं हे फळ. न कळतं तर बरं झालं असतं.

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारलं.

भीमसिंगला खोटं बोलता येत नसे. शुद्ध मराठीचा हा मोठा तोटा. "ती विचारते, साहेब, आज कोणते नाव सांगायचे?"

गिरधरनं भिंतीला टेकून डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. पण तो देवाचं नाव घेत होता.

साहेब खुर्चीवर बसले. "एकोणसाठातून एकोणीस गेले तर?"

भुरीनं चिंचोक्यांना हातही लावला नाही. "दोन वीसा. पुस्तकात चाळीस."

"हे कुठल्या शाळेत शिकलीस?"

"इथं. नदी आणि डोंगर मोहपाड्याला."

"आणि सागपाण्याला काय शिकतेस?"

"तिथं मी शिकवते," भुरी म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना."

साहेब हसले असं म्हणवत नाही. त्यांच्या मिशीखाली काहीतरी झालं. त्यांनी मला त्या बोलीत बोलून दाखवायला सांगितलं. मी एका लहान पोराला जवळ बोलावलं, बस म्हटलं, घाबरू नको म्हटलं, भूक लागली का विचारलं. पोरगं म्हणालं, हो. सगळा वर्ग हसला. मग साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चला, तिघांनी मिळून शिकवा. मी बघतो." ते दुपारपर्यंत बसले. मध्ये एकदा खाली उतरून त्यांनी स्वतः चिंचोके मोजले, कारण तीन आकडी वजाबाकीत विसांचं काय करायचं हे भीमसिंगलाही अडत होतं. साहेब आणि भीमसिंग तासभर वाद घालत होते. पोरं निवाडा देत होती.

म्हणून सुटलो असं मात्र कुणी समजू नये. जाण्याआधी त्यांनी तिन्ही शेरेबुकांत खरे आकडे लिहिले: नऊ, आठ, चौदा. गिरधरची आणि माझी एकेक वेतनवाढ रोखली आणि लेखी खुलासा मागवला. मी हात जोडून विचारलं, "साहेब, हे तिन्ही शाळांचं एकत्र येणं पुढं चालू ठेवलं तर?"

"तपासणीच्या फॉर्मात तीन शाळा एकत्र लिहायला रकाना नाही," ते म्हणाले. "जे रकान्यात नाही त्याला मी परवानगी देऊ शकत नाही. बंदही करू शकत नाही. शनिवारी तुमची अर्धी शाळा असते. दुपारनंतर तुम्ही कुठं बसता हे मी कशाला विचारू?"

मग शनिवारी दुपारी आम्ही तिन्ही पाड्यांच्या मध्ये, ओढ्याकाठच्या आंब्याखाली बसू लागलो. मी नेमानं प्रश्न घेऊन जायचो. 'पाव' आणि 'पाऊण' यांतला फरक पोरांना कसा सांगू? गिरधर भाकरी मोडून दाखवायचा आणि मग फरक खाऊन टाकायचा. कुणाचा धडा फसला तर तो तिथं उघडपणे सांगायचा, आणि फसला का ते पोरांनाच विचारायचं. ती काही आडपडदा ठेवत नसत. पावसाळ्यापर्यंत माझी खरी हजेरी अठरावर गेली. खरी सोनीसुद्धा यायला लागली आणि 'माझ्या नावावर हजर कोण राहिलं होतं' म्हणून भुरीशी तिचं जोरात भांडण झालं. शाळा बंद करण्याची शिफारस काही आली नाही. खुलाशाचं पुढं काय झालं ते बोर्डाला ठाऊक.

गिरधरला मात्र शिक्षा झाली. त्याची बदली तापीकाठी झाली. चार वर्षं मागितली तेव्हा मिळाली नाही आणि आता शिक्षा म्हणून आली. जाताना तो रडला. तिकडं एका मोठ्या शाळेत आठ मास्तर होते. त्यानं मला पत्र लिहिलं: "भो, आठी आठ मास्तर शेत, पन कोनी कोनले काही इचारत नही. सगळासले सगळं येस." म्हणजे सगळ्यांना सगळं येतं. दीड वर्षानं त्यानं डोंगरात परत बदलीचा अर्ज केला. कारकुनाला वाटलं, लिहिताना गावाचं नाव चुकलं, आणि त्यानं तो दुरुस्तीसाठी परत पाठवला.

गिरधरच्या जागी मोहपाड्याला वत्सलाबाई आल्या. शहाद्याच्या, विधवा, ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या आलेल्या. पहिल्या शनिवारी आंब्याखाली आल्या, पदर खोचून उभ्या राहिल्या आणि विचारलं, "इथं मुख्य कोण?"

भुरीनं सरकून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला भागाकाराची नवी पद्धत सांगितली, पुस्तकातल्यासारखी चोख. पुढच्या शनिवारीही सांगितली. तिसऱ्या शनिवारी मात्र उभ्या न राहता त्या सतरंजीवर बसल्या. मग सोनीकडे बघत म्हणाल्या, "मी सांगते ते माझ्या वर्गात एकालाही कळत नाही. का, ते मला समजत नाहीये."

एवढं म्हणायला मला दोन वर्षं लागली होती, आणि तेही कंबर मोडल्यावर. भीमसिंगनं चिंचोक्यांची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. भुरी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बाई, आधी मला सांगा. कळलं नाही तिथं मी विचारत जाते."

बाईंनी पिशवी मोकळी केली आणि भुरी विचारू लागली.